रंगारीण वहिनी

आमच्या शेजारच्या वहिनी बँकेतून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या उजव्या तर्जनीवर शाईचा एक डाग होता. वर्षभरात तो कोपरापर्यंत गेला.

हल्ली प्रत्येक सोसायटीत अशा एक वहिनी असतात. तुमच्या विंगेत नसतील तर शेजारच्या विंगेत बघा. गॅलरीत ओळीने वाळणारी, धड पिवळी नाहीत आणि धड तपकिरी नाहीत अशी फडकी दिसली, की समजावं, इथे कुणीतरी दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आलं आहे. साठीला माणसं अध्यात्माला लागतात, नाहीतर गिरिभ्रमणाला. वहिनी कांद्याच्या सालांना लागल्या.

त्या मंडईत जाऊन पोत्याच्या तळाची सालं मागतात. पहिल्यांदा कांदेवाल्याला वाटलं, बाईंवर वाईट दिवस आलेत. त्याने दयेपोटी दोन कांदेही पिशवीत टाकले. वहिनींनी ते तिथेच सोलले, सालं ठेवून घेतली आणि कांदे परत केले. डाळिंबाची सालं रसवंतीवाल्याकडून, झेंडू देवळातून. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या घरोघरची तोरणं उतरवत हिंडतात. आमचं तर दसऱ्याच्या संध्याकाळीच उतरलं.

बँकेची शिस्त मात्र अजून सुटलेली नाही. कापड आधी कोरडं तोलायचं, मग शंभर ग्रॅमला पंधरा ग्रॅम तुरटी, मग तारीख घालून वहीत नोंद. एवढं करून रंग निघतो तो दर वेळी निराळाच. पंचवीस पैशांचा फरक सापडेपर्यंत रात्री आठला बँकेत बसून राहणाऱ्या वहिनी इथे शांतपणे सांगतात, “रंग आपण द्यायचा नसतो भावजी, तो येतो.”

सुती कापड मोठं हट्टी. लोकर आणि रेशीम रंग चटकन धरतात, सुताला मात्र आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवावं लागतं, मग तुरटी, मग रंग. त्यामुळे त्यांच्या घरात हिरडा दोघांना लागतो: कापडाला सकाळी, आणि यजमानांना रात्री झोपताना. डबा एकच. ‘कमी झाला’ यावरून जे संवाद होतात ते भिंतीपलीकडून ऐकण्यासारखे असतात.

स्वयंपाकघरात रंगाची पातेली वेगळी आणि जेवणाची वेगळी. आजीचं सोवळं मोडणाऱ्या वहिनी हे सोवळं कडकडीत पाळतात. बरण्यांना मात्र हा नियम उशिरा लागू झाला. एकदा मी लोणच्याच्या आशेने एक बरणी उघडली. आत गुळाच्या पाण्यात गंजके खिळे पंधरा दिवस मुरत होते. त्या वासाने माझं लोणचं महिनाभर सुटलं. हिरडा लावलेलं कापड त्या पाण्यात बुडवलं की काळं पडतं. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, यांची पूर्वी शाई करत, तीच ही जोडी. म्हणजे चाळीस वर्षं शाईत काढून वहिनी फिरून शाईशीच आल्या!

एकदा माझा पांढरा सदरा गच्चीत त्यांच्या मंजिष्ठेच्या ओल्या ओढणीखाली वाळत होता. संध्याकाळी खांद्यावर लाल ठिपके.

“वहिनी, डाग!”

“डाग नाहीत हो, बुट्टे. 1856 साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन करायला बसला आणि हाताला लागला जांभळा रंग. तो रडत बसला का?”

“पण तो रासायनिक रंगांचा मूळपुरुष. तुम्ही तर नैसर्गिकवाल्या!”

वहिनी क्षणभर थांबल्या. “म्हणूनच सांगते, तुमचे बुट्टे धुतल्यावर जातील.”

गेले नाहीत. हिरडा नाही, तुरटी नाही, वहीत नोंद नाही, तरी न विटलेला वहिनींचा तेवढा एकच रंग.

या गोष्टीचा जाब विचारायला मी एका रविवारी गच्चीत गेलो आणि अडकलो. वहिनींच्या चार मैत्रिणी पिंपाभोवती उभ्या होत्या. पिंपात नीळ. ही बया साध्या पाण्यात विरघळत नाही. तिला चुना, गूळ घालून आंबवावं लागतं. दक्षिणेकडचे जुने रंगारी त्यात टाकळ्याचं बी शिजवून घालत. आपण कोकणात टाकळ्याची भाजी करून मोकळे होतो, ते एका अर्थी बरं, कारण पिंपाला येणारा वास सांगण्याजोगा नव्हता. वर निळा फेस, खाली पिवळट हिरवं पाणी.

वहिनींनी माझ्या हातात एक रुमाल आणि मूठभर हरभरे दिले. एकेक दाणा कापडाखाली धरायचा, वरून दोऱ्याने करकचून बांधायचा. अर्ध्या तासात माझे अठरा दाणे बांधून झाले. रुमाल बुडवला. बाहेर काढला तेव्हा शेवाळासारखा हिरवा. मग हवा लागली, आणि कडेकडेने, डोळ्यांदेखत, तो निळा होत गेला. सोसायटीच्या सभेत एकमेकांना वाक्य पुरं करू न देणारी आम्ही सहा माणसं मिनिटभर गप्प उभी होतो.

गाठी सोडताना पाच डोकी माझ्या रुमालावर वाकली. सोळा पांढरी वर्तुळं निघाली. दोन दाणे निसटून तिथे नुसता पांढुरका धब्बा उमटला होता. “ग्रहण लागलंय,” एक मैत्रीण म्हणाली, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. आयुष्यात माझ्या चुकीला इतकं चांगलं नाव कुणी दिलं नव्हतं. जाब विचारायचा राहून गेला.

अशा सगळ्यांच्या फसलेल्या तुकड्यांची मंडळींनी मिळून एक गोधडी शिवली. धावदोऱ्यात प्रत्येकीचा स्वभाव उतरला: एकीचा टाका मुंग्यांच्या रांगेसारखा, एकीचा लांब ढांगांचा, आणि तिसरीचा मध्येच चहाला उठून गेलेला. मधोमध माझं ग्रहण. गणपतीत ती मांडवाजवळ टांगली. सेक्रेटरी आले, निरखून म्हणाले, “हे वाळत कुणी घातलंय? आरतीआधी काढून घ्या.”

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात. ही म्हण करणाऱ्याच्या शेजारी रंगारीण राहत नसावी. मला आधी वाण लागला, तो सदऱ्याला. गुण मागाहून आला. काल आमच्या घरी पाहुण्यांसाठी भजी होती, आणि मी तळणीऐवजी केराच्या टोपलीपाशी उभा होतो.

तर वाचकहो, दसऱ्यानंतर तोरणं कचऱ्यात टाकू नका. आमच्या दाराशी पोतं ठेवलेलं असेल. पाकळ्या आणि देठ वेगळे करून आणलेत, तर फार उपकार होतील.