एक रुपयाची श्रीमंती

बंगळुरूत श्रीमंत कोणाला म्हणावे, यावर उच्चभ्रू कोरमंगला आणि कारखान्यांचे पीण्या यांचे एकमत व्हायचे नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाला, म्हणजे ईएसआयला, हा प्रश्न पडत नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर माणूस गरजू. २१,००१ झाला की आपल्या औषधपाण्याचे पाहायला समर्थ. ही रेघ १ जानेवारी २०१७ ला आखली गेली. पुढे कित्येक वर्षे शहरातली भाडी चढत राहिली, रेघ जागची हलली नाही.

निपाणीहून पीण्याच्या कारखान्यात आलेला एखादा फिटर घ्या. पगार २०,६००. त्यातून पाऊण टक्का, म्हणजे १५५ रुपये कापले जातात. मालक सव्वातीन टक्के घालतो. बदल्यात बायकामुलांसह राजाजीनगरच्या ईएसआय रुग्णालयाचे दार उघडते. आजारपणात सत्तर टक्के मजुरीही मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. मात्र सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचे हे पीक पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये काढायचे. निपाणीच्या तंबाखूवाल्याला पेरणी-काढणीचा हा हिशेब चटकन कळेल. टायफॉइडला कळेल की नाही, ते सांगवत नाही.

ज्याची रोजची सरासरी मजुरी १७६ रुपयांपर्यंत आहे, त्याला स्वतःचा वाटा माफ. किमान वेतनाचा कायदा पाळला, तर या दयेला पात्र माणूस बंगळुरूत शोधूनही सापडायचा नाही. पण दया कागदावर आहे, हे नाकारता येणार नाही.

खरी मौज पगारवाढीची. सहामाही सुरू झाल्यावर पगार रेघेपलीकडे गेला, तर ती संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. म्हणजे वाढ मे महिन्यात मिळाली तर ३० सप्टेंबरपर्यंत अभय. एप्रिलमध्येच मिळाली तर वर्गणी तिथेच बंद. मग डिसेंबरपर्यंत काय ती आधीच्या सहामाहीची पुण्याई. आणि आपल्याकडे इन्क्रिमेंटचा मुहूर्त बहुधा १ एप्रिलचाच!

याच शहरात आउटर रिंग रोडवरच्या काचेच्या इमारतींत रात्री दिवे जळतात. आत अमेरिकेतल्या विम्याचे कामकाज चालते. तिथल्या आरोग्य बचत खात्याची तऱ्हा आणखी निराळी: सुरुवातीचा मोठा खर्च स्वतःच सोसावा लागेल अशी पॉलिसी असेल तरच त्यात पैसे भरता येतात. २०२५ साली एकट्याला जास्तीत जास्त ४,३०० डॉलर, कुटुंबाला ८,५५०. मेडिकेअरमध्ये नाव गेले की भरणा बंद. आतल्या पोरांना हे नियम तोंडपाठ. खाली फाटकावरच्या वॉचमनची ईएसआय का थांबली, हे विचारले तर मात्र त्यांना गूगल करावे लागेल.

आता आपल्या फिटरकडे वळू. एप्रिलमध्ये पाचशेची वाढ मिळणार, पगार २१,१०० होणार. तो हात जोडून म्हणतो, “साहेब, पगार २१,००० वरच ठेवा. राहिलेले ओव्हरटाइमवर काढून द्या.” नियम त्याने बरोबर वाचला आहे: ओव्हरटाइम रेघेच्या मोजणीत धरत नाहीत. वर्गणी कापताना मात्र नोव्हेंबर २०२५ पर्यंत धरत असत.