होम स्टेट भोपाळ

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या पोराचा बाजार नागपूरला, दवाखाना नागपूरला, निम्मी सोयरीकही तिकडेच. पण एनआयटीचा ‘होम स्टेट’ कोटा नातीगोती बघत नाही, बारावी कुठल्या राज्यातून केली तेवढं बघतो. म्हणून नागपूरचं व्हीएनआयटी त्याला परराज्य आणि घरचं कॉलेज थेट भोपाळचं मॅनिट! नागपुरात बारावी केलेला त्याचा चुलतभाऊ मात्र बसल्याजागी महाराष्ट्राचा.

2021पासून जेईई मेन मराठीतही देता येते. कौतुकच आहे. फक्त मराठीचा पेपर महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच, असा नियम. म्हणजे मायबोलीत गणित सोडवायला आधी सीमा ओलांडा. अर्थात, हिंदी शाळेत शिकलेल्या पोराला तो पेपर कितपत झेपेल, हा प्रश्न वेगळाच.

2023मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. कोटा होता तिथेच. शाखेचं विचाराल तर ती घरच्यांनी दहावीलाच ठरवलेली असते: कॉम्प्युटर. जवळच्या बोरगावात कारखाने आहेत, पण मेकॅनिकलचं नाव काढलं की आई रडते. पांढुर्ण्याच्या गोटमारीत, त्या दगडफेकीच्या जत्रेत, निदान पलीकडे सावरगाव आहे हे ठाऊक असतं. जागावाटपाच्या जोसा फेऱ्यांत दगड कुठून येतो तेच कळत नाही.

तेव्हा नागपुरात आत्या असेल, तर अकरावीच्या आधीच फोन करा.