ऐंशी परूस पाण्याचं घड्याळ

पाणबुड्यांसाठी बनवलेलं घड्याळ कोरडं ठेवायचं असेल तर ते मराठवाड्यात ठेवावं. समुद्र रस्त्याने चारशे किलोमीटरच्या पुढे. मांजरा उन्हाळ्यात बहुतेक वाळूचीच. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, त्यांत पाच लाख लिटर, आणि नाव जलदूत. अशा गावात घड्याळात पाणी शिरायचं तर आधी ते गावात तरी शिरायला हवं.

माझ्याकडचं घड्याळ सिको कंपनीचं, ६३०९ मशीनचं. १९७६ ते १९८८ या काळात जपान्यांनी ही पाणबुडी घड्याळं काढली. मागच्या झाकणावरच्या क्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा असतो आणि दुसरा महिन्याचा. माझ्या घड्याळावर एक आणि तीन आहे, म्हणजे जन्म मार्च १९८१. डायलवर १५० मीटर लिहिलंय. दीडशे मीटर म्हणजे ४९२ फूट, आपल्याकडच्या मापात ऐंशी परसांच्या वर. एवढी खोल विहीर आमच्या सात पिढ्यांत कुणी खणली नाही. बोअर मात्र घेतात, पण लातूरकडे पाचशे फुटांवर कितीदा तरी नुसता फुफाटाच उडतो. त्यात हे घड्याळ दोरीने सोडलं तर पाण्याचं तोंड दिसायच्या आधीच त्याची हमी संपायची.

ते आणलं मामांनी, शारजाहून. तिकडे ते क्रेन चालवायचे. समुद्र त्यांनी पाहिला तो क्रेनवरूनच. आखातात गेलेल्या त्या पिढीला बुड्या कुठे मारायच्या होत्या? त्यांना भक्कम, वजनदार आणि लांबूनही ‘फॉरेनचं’ म्हणून ओळखू येईल असं घड्याळ हवं होतं. याला चावी द्यावी लागत नाही. खरं म्हणजे द्यायची म्हटली तरी देता येत नाही. हात हलला की आपोआप भरतं. चावीही तीनच्या आकड्याजवळ नाही, चारपाशी, आटे फिरवून घट्ट बसणारी. वार दाखवायला दोन भाषा आहेत, इंग्रजी आणि अरबी. मामा तिकडे इंग्रजी लावायचे आणि गावी आले की अरबी. आज कोण वार आहे हे गावात सगळ्यांना माहीत असायचं, तरी लोक मुद्दाम येऊन मामांना विचारायचे. दीडशे मीटरची परीक्षा त्यांनी एकदाच घेतली, मळ्यातल्या विहिरीत मुटका मारून. घड्याळ पास झालं, मामांचा गुडघा अजून दुखतो.

माझ्या हाती आलं तेव्हा काच चरे पडून आंधळी झाली होती, बॅलन्स मेला होता, सेकंदकाट्याची पावडर गळून डायलवर सांडली होती, बाहेरच्या फिरत्या रिंगेचा काळा रंग पिवळट पडला होता आणि झाकणाखालच्या रबरी वायसरचा पापड झाला होता. मामा म्हणाले, ‘‘घेऊन जा रे, भंगारवालाही नेत नाही त्याला.’’

नांदेडला इतवाऱ्यात एक चाचा बसतात. जिन्याखाली काचेची पेटी, डोळ्याला दुर्बीण, आणि समोर एचएमटीच्या पार्टांचे डबेच डबे. बंगळूरच्या एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनशी करार करून घड्याळं बनवायला घेतली. पुढे ‘कांचन’ जावयाच्या हातात पडल्याशिवाय काही घरांत रुसवा निघत नसे. २०१६च्या जानेवारीत सरकारने तो कारखाना बंद करायचं ठरवलं, पण चाचांच्या डब्यांपर्यंत ती बातमी पोचलेली दिसत नाही. एचएमटीचं काहीही मागा, एका बोटाने डबा सरकतो. सिकोचं नाव काढलं की दोन्ही हात मांडीवर.

‘‘मशीन अच्छी है सर. सामान नहीं मिलता. डायल नया कर देतूं, कौनसा रंग होना?’’

डायलला हात लावायचा नाही म्हटल्यावर चाचांनी दुर्बीण काढून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हिशेबाने मी गाडी धुवायला देऊन चिखल मात्र तसाच ठेवा म्हणणारा माणूस होतो. आता, जुन्या घड्याळांच्या शौकिनांचा धर्मच तसा आहे. डाग चालतो, तडा चालतो, पण रंग कारखान्यातलाच हवा. आपल्याकडे जुन्या सिकोंना नवे रंग फासून, हाती लागतील ते काटे बसवून विकण्याचा मोठा धंदा आहे. जगभरचे शौकीन अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे. मटण स्ट्रीटवरच्या चोरबाजारात अशी पिवळी, जांभळी, पोपटी घड्याळं मी मांडलेली पाहिली आहेत. जुनं अस्सल म्हणून कुणी ती गळ्यात मारली तर ती फसवणूकच, त्यात वाद नाही. पण एकच घड्याळ आयुष्यभर वापरणाऱ्या माणसाने मुलाच्या लग्नाआधी ते रंगवून घेतलं, तर त्याला नाक मुरडणारे आपण कोण? डाग जपायची चैन दुसरं घड्याळ असलेल्यालाच परवडते.

वायसरसाठी लातूरला एमआयडीसीकडे गेलो. तिथे जेसीबीच्या हायड्रॉलिकचं सामान विकणारं दुकान आहे.

‘‘मॉडेल?’’

‘‘६३०९.’’

‘‘टाटा का लेलँड?’’

झाकण काउंटरवर ठेवलं तेव्हा तो पोरगा हसला नाही. व्हर्नियर लावून खाचेचं माप घेतलं, मागच्या फळीवरून कप्प्याकप्प्यांचा डबा काढला आणि टाचणीने एकेक कडं उचलून लावून पाहिलं. एक खाचेत असं बसलं की बोटाने हलेना. पैसे विचारले तर म्हणाला, ‘‘एवढ्याचं बिल कसं फाडू, काका? पाइप लागला तर या.’’

बॅलन्स मात्र गंजगोलाईत सापडला आणि मिळाला नाही. ही गोलाई १९१७ची, मधे जगदंबेचं देऊळ आणि भोवताली सोळा रस्ते. पत्ता विचारला की प्रत्येक जण वेगळा रस्ता दाखवतो आणि गंमत म्हणजे कुठल्याही रस्त्याने शेवटी पोचता येतं. तिथले एक घड्याळजी निम्म्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. लातूर पॅटर्नच्या गावात पोरांचा दिवस मिनिटामिनिटांनी कापलेला असतो, पण ‘नीट’ परीक्षेत मनगटी घड्याळाला बंदी, मग घालतो कोण? त्यांच्या खणात खाकी पाकिटं होती, नेलीच नाहीत अशा घड्याळांची. प्रत्येकावर नाव, गाव, तारीख. औसा, निलंगा, रेणापूर. एकावर किल्लारी होतं, सप्टेंबर १९९३चं. ते त्यांनी न उघडता तळाशी सरकवलं. औशाच्या पाकिटात साधी सिको निघाली. हेच मशीन कंपनीने साध्या घड्याळांतही घातलं होतं, आणि हातात घेऊन हलवल्याबरोबर ती टिकटिकायला लागली.

मी किंमत विचारली.

‘‘विकायचं नाही ते. गिऱ्हाईकाचं आहे.’’

पाकिटावर १९९७ होतं. मी ते दाखवलं.

‘‘येईल की,’’ म्हणाले, आणि पाकीट पुन्हा खणात.

मला राग आला, आणि बसस्टँड येईपर्यंत तो टिकला. जुन्या घड्याळाचा पार्ट म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घड्याळाचा पार्ट. एक जगवायचं तर दुसरं मोडायचं, आणि कुठलं मोडायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. चाचा ते गिऱ्हाईक बघून ठरवतात, मी डायल बघून ठरवतो आणि गंजगोलाईतले गृहस्थ ठरवतच नाहीत. तिघांत धंद्याला सगळ्यात नालायक तेच, पण माझं घड्याळ दुरुस्तीला टाकायचं तर मी त्यांच्याकडेच टाकीन.

बॅलन्स शेवटी चाचांनी हैदराबादहून मागवला. नांदेडचा माणूस अडला की अजूनही त्याच दिशेने बघतो. देवगिरी एक्स्प्रेसने येणाऱ्या कुणाच्या तरी खिशातून, आगपेटीत कापूस घालून तो आला. चाचांनी सगळं मशीन पेट्रोलमध्ये धुतलं, बॅलन्स चढवला, काच बदलली, लातूरचं वायसर बसवलं, झाकण आवळलं आणि बजावलं, ‘‘पानी से बचाके रखो.’’ रिंग जुनीच ठेवली, पिवळट पडलेली. मला ती फार आवडते.

दिवाळीत मामांना दाखवलं. त्यांनी कानाला लावून ऐकलं, हात झटकून पुन्हा ऐकलं, चावी ओढून वार अरबीवर आणला. खूश झालेले दिसले. मग उजेडात धरून डायलकडे पाहिलं.

‘‘एवढा खर्च केलास, डायल तेवढी नवी करायची राहिली का रे?’’

मी अस्सलपणाबद्दल बरंच काही सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवलं.

‘‘नारंगीत मिळते का विचार.’’