सगळेच एक नंबर!

सोलापुरात चादर घेणारा माणूस घडी उलगडतो, कापड उजेडात धरतो, काठ चिमटीत पकडतो, विणीबद्दल शंका काढतो आणि मगच भावाला हात घालतो. हाच चिकित्सक गृहस्थ ओळखीच्याने काढलेल्या फोटोसमोर आला की त्याच्याकडे दोनच शब्द उरतात: ‘एक नंबर!’ सिद्धेश्वर तलाव उजवीकडे कलंडून सांडायच्या बेतात असला, तरी एक नंबर. संक्रांतीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत तर कहरच. आभाळात गेलेली उंच काठी आणि फोन आडवा. त्यामुळे बाराबंदीतले मानकरी येतात, पुढच्याचा उंचावलेला हातही येतो, काठीचं टोक तेवढं बाहेर राहतं. सात काठ्या, सातही बिनटोकाच्या. एकाच क्रमांकावर एवढी गर्दी होते, तेव्हा फोटो कुणी पाहिलेला नसतो. काढणाऱ्याचं नाव पाहिलेलं असतं.

हौशी माणूस आहे, बोललं तर हिरमुसेल, असं यावर म्हणतात. ‘तुला नजरच नाही’ म्हटलं तर हिरमुसेलच. ते फोटोबद्दलचं मत नव्हे, माणसाचं माप काढणं झालं. पण ‘टोक कापलंय, चार पावलं मागे जा’ एवढ्याने कुणी संन्यास घेतल्याचं ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप, आवड ज्याची त्याची. कबूल, पण तलावाच्या पाण्याची पातळी सगळ्यांची एकच असते.

याहून अवघड प्रकरण म्हणजे जाणकार. त्याला एकच नियम पाठ: चौकटीचे तीन भाग करा, मधे काही ठेवू नका. हा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रजाने 1797 साली निसर्गचित्रांसाठी मांडला; दागेरचं छायाचित्रण जगासमोर आलं 42 वर्षांनी, 1839 मध्ये. नियम उपयोगाचा आहे, शंका नाही. पण वारा पडलेल्या पहाटे वर मंदिर आणि खाली त्याचं प्रतिबिंब असताना पाण्याची रेघ मधोमधच शोभते. ती तिसऱ्या हिश्शावर ढकलली की एक तर आभाळ उगाच वाढतं, नाहीतर पाण्यातला कळस कापला जातो. जाणकार तो कापायला सांगतो, कारण त्याने फोटोवर मनातल्या रेघा ओढल्या, पाण्यात काय आहे ते पाहायचं राहून गेलं.

आणि ऐकणारा? त्याला चूक दाखवली की ती तत्क्षणी शैली होते. ‘टोक मुद्दामच बाहेर ठेवलंय. अनंताकडे जाणारी काठी चौकटीत कशी मावेल?’ मावते की. फोन उभा धरला की मावते.