पट्टे नसलेलं जनावर

(ताडोब्याच्या बफरमधली पायवाट. एप्रिलची सकाळ. पुढे वनरक्षक, मागे शहरातून आलेला हौशी स्वयंसेवक.)

स्वयंसेवक : भाऊ, हळू बोला ना. वाघ निघून जाईल.

वनरक्षक : वाघासाठी नाही, अस्वलासाठी बोलतोय. त्याला दिसतं कमी, ऐकूही बेताचंच येतं. अचानक पुढ्यात गेलो की दचकतं, आणि दचकलं की अंगावर येतं.

स्वयंसेवक : अस्वल होय! मला वाटलं, काही विशेष. आम्ही माया वाघीण पाहिलीय, मटकासुर वाघ पाहिलाय. वाघडोहचं तर सगळं खानदान पाठ आहे.

वनरक्षक : आणि आत्याच्या मुलांची नावं?

स्वयंसेवक : आत्याचा काय संबंध? तुम्ही ट्रॅप कॅमेऱ्यातलं कार्ड काढा.

वनरक्षक : दोन्हीकडची काढायची. वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे, म्हणून समोरासमोर दोन कॅमेरे.

स्वयंसेवक : आणि अस्वलाचं?

वनरक्षक : डावीकडून काळं, उजवीकडूनही काळंच. पट्टे नाहीत म्हणून ओळख नाही, ओळख नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून वाढदिवसाची पोस्ट नाही... हे बघा, कॅमेऱ्याचा पट्टा तोडलाय. काच चाटून ठेवलीय.

स्वयंसेवक : कोणी?

वनरक्षक : त्यानंच. वाघाला अंगभर पट्टे, कॅमेऱ्यालाही एक, ह्याला एकही नाही. तोडणारच.

स्वयंसेवक : भाऊ... हा आवाज कसला? कुणी व्हॅक्यूम क्लीनर लावल्यासारखा?

वनरक्षक : वारूळ फोडून वाळवी ओढतंय. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून ओढतं. पळू नका. हळूहळू मागं सरका.

स्वयंसेवक : आडवा होऊ? श्वास रोखून? शाळेत होती ना गोष्ट, दोन मित्र आणि—

वनरक्षक : तुम्ही होता शाळेत. ते नव्हतं. मागं चला.

स्वयंसेवक : उभं राहिलं! मेलो!

वनरक्षक : वास घेतंय. धावून यायचं असतं तर चार पायांवर आलं असतं. काय फवारून आलात अंगावर?

(अस्वल फुस्स करतं आणि बांबूत शिरतं. पाठीच्या केसांना धरून बसलेलं पिल्लू क्षणभर दिसतं.)

स्वयंसेवक : गेलं! आणि फोटो राहिला. वाघ असता तर काढलाच असता.

वनरक्षक : वाघ असता तर तुम्ही आत्ता गावात फोन करत असता.

स्वयंसेवक : थट्टा करू नका. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 जागी कॅमेरे लावले होते. साडेतीन कोटींच्या घरात फोटो आले. त्यात वाघाचे 76,651!

वनरक्षक : आणि उरलेले?

स्वयंसेवक : उरलेले... इतर.

वनरक्षक : आमच्या प्रत्येक कार्डात पहिला आणि शेवटचा फोटो माझ्या पायांचा असतो. मीही इतरच.

स्वयंसेवक : अहो, वाघ वाचला की जंगल वाचतं, आणि जंगल वाचलं की अस्वल आपोआप वाचतं.

वनरक्षक : अस्वलाचं अस्वल बघून घेईल. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंगतीलाच आहे ते. मी मोह वेचणाऱ्यांचं बोलतोय. अस्वल सरळ तोंडावर पंजा मारतं. तीन-तीन इंचांची नखं. वाघानं माणूस मारला की टीव्हीवाले येतात. अस्वलानं चेहरा फाडला की फक्त मी जातो, पंचनाम्याला.

स्वयंसेवक : मग लोकांनी जाऊ नये जंगलात.

वनरक्षक : आणि तुम्ही?

स्वयंसेवक : मी अभ्यासासाठी आलोय.

वनरक्षक : मोह वेचणाऱ्या बाया मीठ-मिरचीच्या पैशासाठी अंधारातच येतात. परवानगी तुमच्याकडून घ्यायची का?

स्वयंसेवक : तसं नाही हो. पण अंधारात कशाला? दहा वाजता जावं, छान उजेडात.

वनरक्षक : मोह दहा वाजेपर्यंत थांबत नाही, साहेब. तो रात्रीतून, पहाटे गळतो. उशीर झाला की गुरं खातात, हरणं खातात. म्हणून बाया पहाटे जातात. अस्वलही पहाटेच येतं.