तीन फुटांचा कोकणकडा

सोलापूर शहराच्या चतुःसीमेवर उभे राहून मनुष्याने कोणत्याही दिशेस दृष्टी टाकली असता काळ्या मातीची व मालदांडी ज्वारीची जी निर्विघ्न सपाटी आढळते, आणि जिच्यात डोंगर म्हणून काही पाहावयाचे तर तुळजापूरच्या घाटापर्यंत एस.टी.चे तिकीट काढावे लागते, ती सपाटी सर्वांच्याच अंतःकरणास मानवते असे नाही. काही जीव जन्मतःच कडेकपारींचे भुकेले असतात. त्यांतील धट्टेकट्टे पाठीवर पिशव्या बांधून सह्याद्री गाठतात. ज्यांचे गुडघे आणि रजेचा हिशेब ही दोन्ही नाजूक अवस्थेत पोहोचलेली असतात, ते घरातील फिश टँकच्या मागील काचेस डोंगर चिकटवू लागतात.

या दुसऱ्या वर्गाचा जो सर्वोत्तम नमुना माझ्या परिचयाचा आहे, ते गृहस्थ सरकारी दफ्तरात अव्वल कारकून असून साखर पेठेत राहतात. त्यांच्याविषयी पहिला गैरसमज दूर करावयास हवा तो हा, की त्यांना माशांची आवड आहे. माशांची आवड असणारे लोक निराळे. त्यांना माशांची नावे, दुखणी आणि खाण्याच्या वेळा तोंडपाठ असतात. आमच्या गृहस्थांच्या लेखी मासा म्हणजे अर्जावरील कोर्टफी स्टँप: त्याच्यावाचून प्रकरण दाखल होत नाही, परंतु प्रकरण त्याच्याविषयी नसते. प्रकरण असते ते त्याच्या पाठीमागच्या भिंतीविषयी.

ही भिंत उद्भवली ती संतापातून. पेटीबरोबर दुकानदाराने फुटावर मोजून दिलेला जो निळा प्लॅस्टिकचा कागद मागील काचेस लावला होता, त्यावर प्रवाळांची बने आणि एक समुद्री कासव छापलेले होते, व पुढे गोड्या पाण्यातील गप्पी विहार करीत होत्या. तीस वर्षे खऱ्याखोट्या कागदांची रुजुवात करण्यात घालविलेल्या मनुष्यास हे सहन होणे शक्य नव्हते. "हा दस्तऐवजच बनावट आहे," असे म्हणून त्यांनी कागद ओरबाडून काढला. शेजारचे यंत्रमागवाले, ज्यांच्या घरात तेलुगू, कानडी व मराठी एकाच वाक्यात नांदतात, त्यांनी आपल्या मागावरचे मोराचे वॉलहँगिंग देऊ केले. "मागं लावून टाका की सायेब. मोर हाय, झाड हाय, अजून काय पायजे?" परंतु विणलेला मोर कितीही देखणा असला तरी तो सपाट, आणि सपाटीशीच तर गृहस्थांचे वैर होते. त्यांना हवा होता कोकणकडा: हरिश्चंद्रगडाचा तो आत वळलेला अजस्र पाषाण, जो त्यांनी दिनदर्शिकेवर पाहिला होता.

गृहिणीची संमती मिळविण्याकरिता त्यांनी इतिहासास पाचारण केले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याचे राज्य या मुलुखावर होते, त्याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरणच आहे. त्याच शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरास तलाव दिला. तेव्हा मासे आणि पाणी हे या भूमीचे परंपरागत वतन आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बाईंनी त्या प्रकरणात नेमके काय आहे याची चौकशी केली. गळाने मासे धरण्याची विद्या आहे असे कळताच त्या म्हणाल्या, "अहो, मग त्या राजाने मासे धरले. भिंत कुठे लिंपली?" या मुद्द्यावर प्रकरण निकालाविना तहकूब राहिले, आणि तहकुबी म्हणजेच मंजुरी, असा अर्थ गृहस्थांनी दफ्तरी वहिवाटीस अनुसरून लावला.

साहित्याचा प्रश्न माळ्याने सोडविला. राज्य शासनाने २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातल्यापासून गणपतीचे जे जुने मखर, टाकवत नाही आणि मांडता येत नाही अशा अवस्थेत वर नजरकैदेत पडले होते, ते खाली उतरले. त्याचे खांब आडवे कापून, एकावर एक चिकटवून, त्यांतून कडे कोरावयाचे होते. रंगाचा पहिला प्रयोग तैलरंगाने झाला. त्यातील थिनर लागताच अर्धा खांब डोळ्यांदेखत विरघळला, आणि थर्माकोलला असले द्रव वर्ज्य आहेत हे ज्ञान घरास पदरमोड करून प्राप्त झाले. कोरण्याचे काम तापलेल्या सोल्डरिंगच्या कांबीने होते. त्या वेळी निघणारा धूर छातीस अपायकारक असल्यामुळे ते उघड्या गच्चीवर करावे लागते. आणि सोलापूरच्या गच्चीवर वैशाखात, पारा बेचाळीसच्या पुढे सरकला असता, डोक्यास पंचा बांधून पांढरे खांब भाजणारा मनुष्य पाहून पेठेत जे तर्क झाले, ते येथे नमूद करण्याचे प्रयोजन नाही.

त्यानंतर सिमेंटचे हात. पहिला पातळ, म्हणजे फटीफटींत शिरावा. पुढले उत्तरोत्तर घट्ट, त्यांत काळा ऑक्साइड, कुठे थोडा तांबडा. व शेवटी तारेच्या ब्रशाने खरडणे. यात एक कला आहे, आणि ती या गृहस्थांना साधली होती हे मी निःपक्षपातीपणे सांगतो: दख्खनच्या बसाल्टचे आडवे थर, त्यांमधली तांबूस रेघ, ओघळांचे डाग, सर्व काही हुबेहूब होते. मात्र डाव्या अंगास बारकाईने पाहिल्यास आजही मखराच्या कमळाची एक पाकळी दिसते.

सिमेंटास उन्हात वाळणे नको असते, ओलाव्यात मुरणे हवे असते. गोणपाट वेळेवर सापडले नाही. सापडली ती रुखवतातली मयूरपंख चादर, जी बाईंनी पाहुण्यांकरिता जपून ठेवलेली होती. ती भिजवून कड्यावर पांघरण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी निघाली तेव्हा तिचा एक कोपरा कड्याने कायमचा खालसा केला होता. त्या आठवड्यात घरात झालेले संभाषण मुख्यतः भांड्यांच्या द्वारे झाले.

खरे संकट पाण्याचे होते. ताज्या सिमेंटातून चुना सुटतो, पाणी तीव्र अल्कधर्मी होते आणि त्यात सोडलेला मासा जगत नाही. म्हणून तयार कडा काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून ते पाणी पुनःपुन्हा बदलावे लागते. ज्या शहरात पाणी भीमेवरच्या उजनी धरणातून शंभराहून अधिक किलोमीटरांची मजल करून येते आणि नळास काही दिवसांआडच दर्शन देते, तेथे दीडशे लिटर पाणी एका डोंगरास स्नान घालण्याकरिता खर्ची टाकणे हा प्रायः राजद्रोह होय. अखेरीस तह झाला. कड्याचे पाणी बोअरचे असावे. झाडांना ते बाधेल म्हणून उपसलेल्या पाण्याने मोरी धुवावी. आणि मोरी गृहस्थांनीच धुवावी.

चुना संपला की नाही हे ठरविण्यासाठी त्यांनी परगावाहून परीक्षेच्या थेंबांची बाटली मागविली. ती टपालात असतानाच बाईंनी, ज्यांचे माहेर पंढरपूरचे असल्यामुळे हळदीस चुना लागला की तांबडे होते हे ज्यांना कुंकवाच्या व्यापामुळे लहानपणापासून ठाऊक होते, वाटीभर पाण्यात चिमूटभर हळद टाकली. पाणी लालसर झाले. "अजून मोरी धुवायचीय तुम्हाला," एवढाच निकाल त्यांनी दिला. आणि पुढे बाटली आल्यावर तिनेही वेगळे काही सांगितले नाही.

यथावकाश हळद पिवळी राहिली, कडा सिलिकॉनने मागील काचेस जोडला गेला, आणि सिलिकॉन पुरते सुकण्याची मुदत न पाळता पाणी भरण्यात आले. थर्माकोलचा कडा जर वीस लिटर पाण्याची जागा अडवीत असेल, तर ते पाणी त्यास जवळजवळ वीस किलोच्या जोराने वर लोटते, आणि वरच्या पातळ सिमेंटाचे वजन त्यापुढे किरकोळ ठरते. आर्किमिडीजचा हा नियम गृहस्थांनी शाळेत पाठ केला होता. त्याची बजावणी मात्र मध्यरात्री झाली. प्रचंड आवाज ऐकून घर जागे झाले, तो कोकणकडा झाकण व दिव्यासह उठून उभा होता आणि दिवाणखान्यातील शहाबादी फरशीवरून बोअरचे पाणी उंबऱ्याकडे कूच करीत होते.

दुसऱ्यांदा सर्व काही मुदतीप्रमाणे झाले. मग माशांचा विचार निघाला. गृहस्थांना ॲमेझॉनचे निऑन टेट्रा हवे होते. परंतु त्या माशांस मऊ, किंचित आम्ल पाणी मानवते, आणि येथे बोअर जड, तशात तळाशी शोभेकरिता शहाबादीच्या चुनखडीचे तुकडे पसरलेले. दुकानदाराने पूर्व आफ्रिकेतील मलावी सरोवराचे सिक्लिड सुचविले. त्या सरोवराचे पाणी अल्कधर्मी, किनारे जागोजागी खडकाळ. हे मासे खडकांच्या कपारींत राहणारे. म्हणजे सह्याद्रीच्या कड्यात आफ्रिकी रयत वसविण्याचे ठरले, आणि निळे-पिवळे दहा मासे पेटीत सोडण्यात आले.

त्यांनी एकवार कड्याकडे पाहिले आणि दहाही जण कपारींत शिरले. पाहुणे येतात, चहा घेतात, काचेसमोर वाकतात. त्यांना कडा दिसतो, थर दिसतात, ओघळ दिसतात, मासा दिसत नाही. शेजारच्या मुलाने तर तोंडावर विचारले, "काका, आत काहीच नाही की?" गृहस्थांस याचा विषाद नाही. सरोवरातल्या माशांनी ज्या खडकास खडक म्हणून कबूल केले त्याला आणखी कोणाचा दाखला हवा, असे ते म्हणतात, आणि पाहुण्याचा हात धरून त्याला तांबूस रेघ दाखवितात. परवा त्यांनी डाव्या बाजूच्या काचेचे माप घेतले. मखराचे छत अद्याप माळ्यावर आहे. बाईंनी उरलेल्या चादरी मात्र कुलपात घातल्या आहेत.