तुमचा हट्ट, आमची तंगडतोड

प्रति,
लंडन शहरातील सन १६६६चे समस्त घरमालक, दुकानदार व भाडेकरू यांस,

स. न. वि. वि.

तुम्हाला जाऊन तीनशे वर्षं उलटली, तरी तुमच्याविरुद्धची आमची तक्रार अजून रस्त्यावर पडून आहे. अगदी शब्दशः. मॉन्युमेंट स्टेशनातून बाहेर पडून सेंट पॉल कॅथीड्रल गाठायचं, एवढाच माझा साधा बेत होता. अंतर किलोमीटरभर. मोबाइलने पंधरा मिनिटांची ग्वाही दिलेली. सकाळी निघालेला माणूस कॅथीड्रलच्या पायऱ्यांशी पोहोचला तेव्हा दर्शनाची वेळ संपली होती. याला सर्वस्वी तुम्ही जबाबदार आहात.

तुम्हाला किती चांगली संधी चालून आली होती! त्या सप्टेंबरात पुडिंग लेनमधल्या बेकरीत आग लागली आणि चार दिवसांत तेरा हजारांवर घरं आणि ८७ चर्च भस्मसात झाली. राख धड निवली नव्हती, तोच ख्रिस्तोफर रेन साहेबांनी राजापुढे नवा नकाशा ठेवला. ९० फुटी, ६० फुटी आणि ३० फुटी असे तीन मापांचे रस्ते, मोठाले चौक, चौकांतून सुटणारे सरळसोट मार्ग. बोळ नावाचा प्रकारच नाही. जॉन एव्हलिन आणि रॉबर्ट हूक हेही आपापले आराखडे काखोटीला मारून हजर होते. आमच्याकडे विकास आराखड्याला इतके उमेदवार मिळाले असते, तर निदान तीन समित्या तरी बसल्या असत्या.

आणि तुम्ही? तुम्ही राखेत उभे राहून सांगितलंत की आमची भिंत इथे होती आणि इथेच उभी राहील. हिवाळा तोंडावर आलेला, तुमच्या जागा विकत घ्यायला सरकारच्या तिजोरीत पैसा नाही, आणि प्रत्येक वीतभर जमिनीवर मालक, पोटभाडेकरू आणि त्याचाही भाडेकरू अशी उतरंड. मग काय, साडेसहा शिलिंगांच्या वर दोन पेन्स भरून मोजणीदाराकडून जुन्याच पायावर खुंट्या ठोकून घेतल्यात. रेन यांच्या घराण्याने पुढे छापलेल्या पुस्तकात याचं सगळं खापर तुमच्या हट्टावर फोडलं आहे. काही गल्ल्या रुंद झाल्या, लाकडाऐवजी विटा आल्या, किंग स्ट्रीट तेवढा नवा काढू दिलात. बाकी सगळं जिथल्या तिथे.

एका बाबतीत मात्र तुमचा हेवा वाटतो. तुमची भांडणं मिटवायला क्लिफर्ड्स इनमध्ये खास न्यायालय बसलं, न्यायाधीशांनी पगार न घेता काम केलं आणि निकाल झटपट लागले. आजोबांनी लावलेल्या दाव्याच्या तारखेला नातवाने जायचं, अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला हे वाचून गहिवरून येतं.

तर माझ्या हालांविषयी. लाँबर्ड स्ट्रीटवर डोक्यावर लटकणारा सोनेरी नाकतोडा बघत होतो, तेवढ्यात चेंज ॲली नावाच्या बोळाने मला आत ओढलं. बोळाला तोंडं अनेक आणि प्रत्येक तोंड भलतीकडे. मोबाइलमधला निळा ठिपका उंच इमारतींत गोंधळून चक्क एका बँकेच्या पोटात जाऊन उभा राहिला. पुढे सेंट मायकेल्स ॲली. लंडनचं पहिलं कॉफीघर १६५२ साली इथे निघालं, आता तिथे दारूचा गुत्ता आहे. रस्त्यातल्या पिवळ्या टोपीच्या खांबावर नकाशा दिसला म्हणून धावलो. त्या नकाशात उत्तर दिशा वर नसते, तुमचं तोंड असेल ती दिशा वर असते. खांबाला प्रदक्षिणा घातली की शहर उलटं होतं. मी दोन घातल्या.

चीपसाइडला आलो तर ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, आयर्नमंगर लेन! पुण्याच्या तांबट आळीसारखी धंद्यांची नावं लावून बसलेल्या या गल्ल्यांत आता दुधाचा टिपूस नाही, कागदी पेल्यातली कॉफी घेऊन धावणारे बँकवाले तेवढे. वुड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मात्र थबकलो. चिनाराच्या जातीचं एक दांडगं झाड, आणि त्याच्या पायाशी १६८७ सालची बुटकी दुकानं. आगीत जळालेलं सेंट पीटरचं चर्च पुन्हा बांधलंच नाही, त्याच्या आवारात हे झाड उभं आहे. भोवतीच्या काचेच्या मनोऱ्यांतल्या चौरस फुटाचा भाव आठवा आणि त्या झाडाने अडवलेली जागा मोजा. तुमचा हट्ट तुमच्याबरोबर गेलेला नाही, एवढं नक्की.

मग बो लेनमधून वॉटलिंग स्ट्रीटला वळलो, आणि दोन भिंतींच्या फटीत सेंट पॉलचा घुमट अचानक अंगावर आला. ९० फुटी रस्ता असता तर तो पंधरा मिनिटं समोरच दिसत राहिला असता. 'दहा दिवसांत सात देश'वाल्यांची बस थेट दारात थांबली असती, फोटो निघाले असते आणि मी जेवायला वेळेवर पोहोचलो असतो. तुम्ही हे सगळं होऊ दिलं नाहीत. घुमट बांधणाऱ्या रेन साहेबांनाही, वर्गीकरणच करायचं तर, मी तुमचेच लाभार्थी म्हणेन.

तेव्हा तक्रार मागे घेत नाही, पण नुकसानभरपाईची मागणी सोडून देतो आहे.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक पाय दुखणारा प्रवासी

ता. क. : वाचकांपैकी कोणी जाणार असेल, तर आगीच्या आठवणीतला मॉन्युमेंट स्तंभ सकाळीच चढून घ्या. पायऱ्या ३११ आहेत आणि लिफ्ट नाही.